ऐंशीच्या दशकातील ब्रिटिश पॉप : फेरमूल्यांकन नेमके कशाचे करायचे?

१९८२ साली ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या, म्हणजे म्युझिशियन्स युनियनच्या, मध्य लंडन शाखेने एक ठराव मंजूर केला. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि पारंपरिक वाद्यांचा आवाज काढू शकणारी इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांच्या वापरावर बंदी घालावी, अशी त्यात मागणी होती. संघटनेने ती बंदी देशभर कधीच लागू केली नाही, पण ठरावामागची भीती खरी होती. चार व्हायोलिनवादकांचे काम एक कीबोर्ड करू लागला तर त्या चौघांनी पोट कसे भरायचे, हा प्रश्न रास्तच होता. मात्र पोटापाण्याच्या या प्रश्नाला लवकरच दुसरा, सौंदर्यदृष्टीचा आरोप येऊन चिकटला: यंत्रातून निघालेले संगीत हे खरे संगीतच नव्हे. नव्या वाद्याविषयीचा असा संशय आपल्यालाही परका नाही, कारण आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशके संवादिनीला मज्जाव होता. ब्रिटिश पॉपच्या बाबतीत हा संशय वाद्यापुरता मर्यादित राहिला नाही. एका संपूर्ण दशकाच्या संगीतावर पोकळ, चकचकीत आणि कृत्रिम असा शिक्का बसला आणि नव्वदच्या दशकात गिटार पुन्हा हाती घेतलेल्या ब्रिटिश बँडांच्या काळात तो अधिक गडद झाला.

आज चित्र जवळजवळ उलटे झाले आहे. केट बुशचे 'रनिंग अप दॅट हिल' हे १९८५ मधील गाणे एका अमेरिकी मालिकेत वापरले गेले आणि प्रसिद्धीनंतर ३७ वर्षांनी, २०२२ मध्ये, ब्रिटनमधील लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने २०२० मध्ये डेपेश मोडला, तर २०२२ मध्ये ड्युरान ड्युरान आणि युरिथमिक्स यांना मानाचे स्थान दिले. त्या काळी या मंडळींची टर उडवणारी नियतकालिके आता त्यांच्या अल्बमांवर आदराने लिहितात. तरीही या फेरमूल्यांकनात एक युक्तिवाद वारंवार आढळतो, आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो. त्याचा आशय असा असतो की वरचा प्लास्टिकचा मुलामा खरवडून काढला तर आत खरीखुरी, चांगली गाणी सापडतात. म्हणजे आवाज वाईट, पण चाल चांगली. माझे म्हणणे असे की या संगीताचे कर्तृत्व मुख्यतः त्या आवाजातच आहे. चाल, ठेका, संयोजन आणि ध्वनिमुद्रण यांना एकमेकांपासून वेगळे काढता येऊ नये, अशाच रीतीने ही गाणी घडवली गेली.

हे समजण्यासाठी आधी जुनी फूटपट्टी पाहायला हवी. साठ आणि सत्तरच्या दशकांत रॉक संगीताने चांगल्या संगीताची एक कसोटी रुजवली होती. बँडने गाणी स्वतः लिहावीत, स्वतः वाजवावीत, मंचावर ती जिवंत सादर करता यावीत, आणि गाणाऱ्याच्या आवाजात त्याच्या आयुष्याचा प्रामाणिक उद्गार असावा. एकेरी गाण्यापेक्षा अल्बमला, नाचण्यापेक्षा शांतपणे ऐकण्याला आणि किशोरवयीन मुलींच्या आवडीपेक्षा तरुण पुरुषांच्या आवडीला अधिक प्रतिष्ठा होती. या दृष्टिकोनाला पुढे 'रॉकिझम' असे नाव पडले, आणि विशेष म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच ब्रिटनच्या संगीतविषयक साप्ताहिकांत त्यावर जोरदार वाद झडला. सत्तरच्या दशकातील पंक या साध्या, आक्रमक रॉकनंतरच्या तरुण संगीतकारांना अंधाऱ्या तळघरात मोजक्या जाणकारांसमोर वाजवत राहण्याचा कंटाळा आला होता. लोकप्रिय होणे ही तडजोड नसून एक महत्त्वाकांक्षा असू शकते, असे ते उघडपणे म्हणू लागले. याच वृत्तीला तेव्हा 'न्यू पॉप' म्हटले गेले.

आता प्रत्यक्ष यंत्रांकडे वळू. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सर्वसामान्य तरुणाला परवडू शकतील असे जे सिंथेसायझर बाजारात आले, त्यांपैकी बहुतेकांवर एका वेळी एकच स्वर वाजत असे. पियानोप्रमाणे तीन-चार पट्ट्या एकदम दाबून स्वरसमूह काढण्याची सोय त्यांत नव्हती. त्यामुळे गाणे एकेका रेषेने रचावे लागे: खाली खर्जाची एक रेषा, वर चालीची दुसरी, मध्ये तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक रेषा स्वतंत्रपणे मुद्रित करायची आणि मग त्या एकमेकींवर बसवायच्या. या मर्यादेतूनच १९७९ ते १९८२ या काळातील ब्रिटिश सिंथपॉपचा विरळ, स्पष्ट आणि काहीसा थंड पोत तयार झाला. त्यात स्वरांची गर्दी नसल्यामुळे प्रत्येक आवाजाला जागा मिळते, आणि म्हणूनच ती गाणी आजही गुदमरल्यासारखी वाटत नाहीत. शिवाय एका बोटाने वाजवता येणाऱ्या या वाद्याला वर्षानुवर्षांच्या तालमीची गरज नव्हती. ज्याला वाजवता येत नाही पण कसे ऐकू यायला हवे हे ज्याच्या डोक्यात पक्के आहे, अशा माणसासाठी संगीताचे दार पहिल्यांदा इतके उघडे झाले.

शेफील्डच्या ह्यूमन लीगची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. पोलादाच्या या शहरात कारखाने बंद पडत होते. बँडचे संस्थापक मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे संगणकचालक होते, तर गायक फिलिप ओकी हा रुग्णालयात हमाल म्हणून काम करत असे. १९८० मध्ये बँड फुटला आणि वेअर व मार्श बाहेर पडून त्यांनी हेवन सेव्हन्टीन काढला. मागे उरलेल्या ओकीने शहरातील एका नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या जोअॅन कॅथरॉल आणि सुझन अॅन सली या दोन शाळकरी मुलींना बँडमध्ये घेतले, ज्यांना व्यावसायिक गायनाचा कोणताही अनुभव नव्हता. पुढच्याच वर्षी निर्माता मार्टिन रशंटबरोबर त्यांनी 'डेअर' हा अल्बम केला. गिटारवादक जो कॅलिसनेही येथे सिंथेसायझर हाती घेतला. ठेक्यासाठी त्यांनी लिन एलएम-१ हे तेव्हा अगदी नवे असलेले ड्रम मशीन वापरले. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज अंकीय पद्धतीने साठवलेले होते आणि कोणता आघात कोणत्या क्षणी पडावा हे आधी ठरवून यंत्राच्या स्मृतीत भरावे लागे.

या अल्बममधील 'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गाणे ओकीला स्वतःला फारसे आवडत नव्हते आणि म्हणून ते अल्बमच्या शेवटी टाकले गेले. १९८१ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतही. त्यात एक पुरुष आपल्या पूर्वीच्या प्रेयसीला बजावतो की मी तुला घडवले, आणि मनात आणले तर पुन्हा होतीस तिथे नेऊन ठेवेन. दुसऱ्या कडव्यात ती स्त्री शांतपणे उत्तर देते की तुझ्याशिवायही माझे काही ना काही झालेच असते. ओकीचा आवाज भारदस्त, जवळजवळ धमकावणारा आहे. सुझन सलीचा आवाज मात्र अप्रशिक्षित, सपाट, शेजारच्या घरातील मुलीसारखा आहे. एखाद्या कसलेल्या गायिकेने तेच कडवे गायले असते तर तिचे उत्तर अभिनय वाटले असते. येथे ते खरे वाटते. मागे ठेका किंचितही न ढळता चालू राहतो आणि दोघांच्या भांडणात कोणाचीही बाजू घेत नाही. यंत्राची ही निर्विकारता गाण्याच्या अर्थाचा भाग आहे. ती काढून टाकली तर गाणे शिल्लक राहील, पण ते दुसरे गाणे असेल.

हाच मुद्दा 'मॅड वर्ल्ड' या गाण्यावरून आणखी नेमका पटवता येतो. बाथ शहरातील टिअर्स फॉर फिअर्सचे हे गाणे १९८२ मध्ये आले. रोलंड ऑरझाबालने किशोरवयाच्या अखेरीस, खिडकीतून कामावर निघालेली माणसे पाहत ते लिहिले होते, आणि गायले ते कर्ट स्मिथने. शाळेत कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या मुलाचे, मरणाच्या स्वप्नांत दिलासा शोधणारे ते शब्द आहेत. पुढे एका अमेरिकी चित्रपटासाठी मायकेल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांनी तेच गाणे पियानोच्या साथीवर अत्यंत संथ लयीत केले आणि २००३ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. गाण्याची खरी खोली आता कुठे उघड झाली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला हे मुळीच मान्य नाही. संथ आवृत्ती दुःखी शब्दांना दुःखी सूर देते आणि ऐकणाऱ्याने काय वाटून घ्यावे हे पहिल्याच क्षणी ठरवून टाकते. मूळ आवृत्तीत कोरडा, वेगवान इलेक्ट्रॉनिक ठेका आहे आणि त्यावर हे शब्द जवळजवळ नाचत येतात. सगळे जग ठरलेल्या गतीने धावत असताना आतून कोसळत असलेला मुलगा त्याच गतीने पावले टाकत राहतो, ही त्या गाण्यातील वेदना आहे, आणि ती त्या ठेक्याशिवाय सांगताच येत नाही.

मात्र दशकाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकाच मापाने मोजू नयेत. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड आला. त्यावर एका वेळी सोळा स्वर वाजत आणि त्याचे घंटेसारखे लखलखीत आवाज पूर्वीच्या वाद्यांतून निघत नसत. पण त्यात स्वतःचा आवाज घडवणे इतके अवघड होते की बहुतेक वादक कारखान्यातून भरून आलेल्या तयार आवाजांवरच समाधान मानत. त्याच वर्षी मिडी नावाची सामाईक प्रणाली आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडून एकाच वेळी चालवता येऊ लागली. सोय वाढली तशी एकसारखेपणाची लागणही वाढली. ड्रमच्या आवाजाचेही असेच झाले. पीटर गॅब्रिएलच्या १९८० मधील तिसऱ्या एकल अल्बमचे काम चालू असताना ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम आणि ड्रमवादक फिल कॉलिन्स यांच्या हाती एक युक्ती लागली. मोठ्या खोलीतील ड्रमचा घुमारा आधी खूप फुगवायचा आणि तो विरण्याआधीच एकदम तोडायचा. 'गेटेड रिव्हर्ब' म्हणून ओळखला जाणारा तो परिणाम कॉलिन्सच्या १९८१ मधील 'इन द एअर टुनाइट' या गाण्यात आजही अंगावर येतो, कारण तेथे तो बराच वेळ राखून ठेवलेला आहे. नंतर तो जिथे तिथे, पहिल्या ठोक्यापासून वापरला गेला आणि पाच-सहा वर्षांत त्याची धार गेली. १९८६ नंतरच्या कित्येक अल्बमांवर जुनाटपणाचा जो आरोप होतो तो मला बऱ्याच अंशी योग्य वाटतो. पश्चातदृष्टीने पाहायचे म्हणजे सरसकट माफी द्यायची, असे नाही.

गाण्याचा कर्ता कोण, हा प्रश्नही याच यंत्रांनी उभा केला. लिव्हरपूलच्या फ्रँकी गोज टू हॉलिवूडचे 'रिलॅक्स' हे गाणे निर्माता ट्रेव्हर हॉर्नने पुन्हा पुन्हा नव्याने रचले, आणि अखेरच्या आवृत्तीत होली जॉन्सनचा आवाज सोडला तर बँडमधील इतरांचे वादन जवळजवळ नाही. १९८४ च्या जानेवारीत बीबीसीने आशयावरून ते वाजवणे थांबवले आणि त्याच महिन्यात ते पहिल्या क्रमांकावर गेले. रॉकच्या जुन्या कसोटीनुसार ही फसवणूक ठरते. हिंदी-मराठी चित्रपटसंगीतावर वाढलेल्या श्रोत्याला मात्र त्यात आक्षेपार्ह काही दिसू नये, कारण गाणारा, वाजवणारा आणि संगीत संयोजक वेगवेगळे असणे हे आपल्याला स्वाभाविक वाटते. उलट टोकाला केट बुश आहे. १९८२ पासून ती आपल्या अल्बमांची निर्मिती स्वतः करत होती. 'रनिंग अप दॅट हिल' तिने घराजवळच्या आपल्या स्टुडिओत, फेअरलाइट या ऑस्ट्रेलियन यंत्राच्या आधारे घडवले. कोणताही आवाज साठवून तो हव्या त्या पट्टीत वाजवण्याची सोय त्या यंत्रात होती. स्टुडिओतील तांत्रिक निर्णय पुरुषांच्या हाती असण्याच्या काळात एका स्त्रीने हे यंत्र स्वतःच्या कल्पनेनुसार वापरले, याचे मोल तेव्हाच्या समीक्षेने पुरेसे ओळखले नव्हते.

हे संगीत पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळातील चंगळवादाचे पार्श्वसंगीत होते, हा आणखी एक रूढ आरोप. १९८२ च्या आरंभी ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात शहराशहरांत दंगली पेटल्या असताना कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्सचे 'घोस्ट टाउन' हे ओसाड पडत चाललेल्या शहरांवरील गाणे पहिल्या क्रमांकावर होते. ते उघडच राजकीय होते, म्हणून त्याची प्रतिष्ठा कधी कमी झाली नाही. पण ज्यांना केवळ देखणे आणि उथळ मानले गेले त्या व्हॅम या जोडगोळीचे पहिले गाणे बेकारभत्त्यावर जगणाऱ्या तरुणाविषयी होते, आणि १९८४ मध्ये संपावरील खाणकामगारांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ते सहभागी झाले होते. पेट शॉप बॉइजचे पैसा कमावण्याचा मंत्र देणारे गाणे अनेकांनी शब्दशः घेतले, जेव्हा त्यातील दोघे नायक स्पष्टपणे अपयशी माणसे आहेत.

समलिंगी माणसांच्या आयुष्याविषयी या संगीताने जे धैर्य दाखवले, ते आज मागे वळून पाहताना मला सर्वांत मोठे वाटते. ब्रिटनमध्ये तेव्हा समलिंगी पुरुषांसाठी संमतीचे वय २१ होते, तर इतरांसाठी १६. ब्रॉन्स्की बीटने १९८४ मधील आपल्या पहिल्या अल्बमला संमतीच्या वयाचेच नाव दिले आणि त्याच्या वेष्टनावर युरोपातील निरनिराळ्या देशांतील वयोमर्यादा छापल्या. त्यांचे 'स्मॉलटाउन बॉय' हे गाणे छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या मुलाविषयी आहे. ते नृत्याच्या ठेक्यावर, जिमी सॉमरव्हिलच्या उंच, आर्त आवाजात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि कुटुंबासोबत दूरदर्शन संच पाहणाऱ्या घराघरांत पोहोचले. १९८८ मध्ये सरकारने कलम २८ आणून स्थानिक संस्था आणि शाळांमधून समलैंगिकतेचे 'समर्थन' करण्यास मनाई केली, आणि इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकले. ज्या मुलांना शाळेत कोणी काही सांगू शकत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही गाणी जाऊ शकत होती. 'पोकळ' हा शब्द या संगीताला लावणाऱ्यांनी ते कोणासाठी गायले जात होते हे पाहिलेच नव्हते.

स्टॉक, एटकन आणि वॉटरमन या निर्मातात्रयीविषयी मी इतका उदार होऊ शकत नाही. त्यांची शंभराहून अधिक गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या चाळिसांत आली. डेड ऑर अलाइव्हचे १९८५ मध्ये गाजलेले 'यू स्पिन मी राउंड' आणि रिक अॅस्टलीचे १९८७ मधील 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' ही उत्तम कारागिरी आहे, यात शंका नाही. पण दशकाच्या शेवटी तोच ठेका, तेच स्वरक्रम आणि तेच आवाज इतक्या गायकांच्या मागे लावले गेले की गायक कोण याने फरक पडेनासा झाला. स्मरणरंजनाच्या भरात आता त्यांच्या साऱ्याच निर्मितीला अभिजात म्हटले जाते, ते अतिशयोक्तीचे आहे.

मागाहून पाहण्याचेही स्वतःचे दोष असतात. उरते ते चित्रपट, जाहिराती आणि संकलने यांनी निवडलेले. अल्ट्राव्हॉक्स या बँडचे 'व्हिएन्ना' हे गाणे आज त्या काळाचे प्रतीक मानले जाते, पण १९८१ मध्ये ते कधीच पहिल्या क्रमांकावर गेले नाही. त्याच्या वर काही आठवडे जो डोल्सीचे एक विनोदी गाणे ठाण मांडून होते. बीबीसीने २०११ पासून 'टॉप ऑफ द पॉप्स' या आपल्या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाचे जुने भाग क्रमाने पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा उत्तम, सुमार आणि विचित्र गाणी तेव्हा शेजारी शेजारी कशी नांदत होती हे नव्या पिढीला दिसले. २०१२ मध्ये सूत्रसंचालक जिमी सॅव्हिलच्या लैंगिक अत्याचारांचे भीषण वास्तव बाहेर आल्यावर त्याचे भाग वगळण्यात आले. त्या काळाविषयीचा हळवेपणा तेव्हापासून निरागस राहिलेला नाही, आणि तो तसा राहूही नये.

या फेरमूल्यांकनात अजूनही मागे राहिलेले नाव कोणाचे, असे विचारले तर मी गोरेतर संगीतकारांकडे बोट दाखवीन. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बुलसारा क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर पोहोचला, पण आपल्या पारशी मुळांविषयी तो जाहीरपणे फारसा बोलला नाही. १९८२ मध्ये मॉन्सून या बँडने सतार आणि तबल्याची जोड दिलेले 'एव्हर सो लोनली' बाराव्या क्रमांकापर्यंत नेले. ते गाणाऱ्या, भारतीय वंशाच्या शीला चंद्राचे वय तेव्हा वीसपेक्षाही कमी होते. सिंथपॉपच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच येतो. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या म्युझिकल यूथने रेगे या जमैकन संगीताच्या ठेक्यावरील 'पास द डची' पहिल्या क्रमांकावर नेले, आणि आज ते लहान मुलांची गंमत म्हणूनच आठवले जाते. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये टेक्नो हे यंत्रांवर आधारलेले नृत्यसंगीत घडवणाऱ्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी क्राफ्टवर्क या जर्मन बँडबरोबर ह्यूमन लीग, डेपेश मोड आणि गॅरी न्यूमन यांचे संगीतही आत्मीयतेने ऐकले होते. ते टेक्नो दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या नृत्यगृहांत परतले. आणि १९८९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या सोल टू सोलने 'बॅक टू लाइफ' आणले, ज्यात कॅरन व्हीलरच्या आवाजामागे यंत्रावर बांधलेला सैलसर ठेका आणि तंतुवाद्ये एकत्र चालतात. ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. नव्वदच्या दशकातील ब्रिटिश संगीताचा फार मोठा भाग, ब्रिस्टलपासून लंडनपर्यंत, गिटारऐवजी याच ठेक्यावर उभा राहिला.